तोंडातलं लोखंड

'नखरे' हा शब्द आपण कुणासाठी वापरतो, ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. ताटातली भोपळ्याची भाजी कडेला सारणारं पोर नखरे करतं. चार स्थळं नाकारणारी मुलगी नखरे करते. दवाखान्यात सुई पाहून हात मागे घेणारा म्हातारा नखरे करतो. मी बँकेत सव्वीस वर्षं काढली, पण तिथल्या एकाही वरिष्ठाने कधी नखरे केल्याचं मला आठवत नाही. त्यांना आवडीनिवडी असत, कामाच्या पद्धती असत, क्वचित तब्येतीच्या तक्रारी असत. नखरे नेहमी खालच्याचे. ज्याच्या 'नको'मुळे आपण काही बदलणार नाही असं आधीच ठरलेलं असतं, त्याचं 'नको' म्हणजे नखरे.

पुण्याजवळच्या एका तबेल्यात मी गेली सहा वर्षं घोडेस्वारी शिकते आहे. (एकावन्नाव्या वर्षी सुरुवात केली, त्यामुळे 'शिकते आहे' हेच क्रियापद शेवटपर्यंत पुरणार.) तिथे हा शब्द दिवसातून दहादा कानावर येतो, आणि त्यातला आठ वेळा तरी एकाच घोडीबद्दल. कागदावर तिचं नाव रेसच्या घोड्यांचं असतं तसं भारदस्त आणि इंग्रजी आहे. तबेल्यात तिला ठमी म्हणतात. रेसमधून ती पाचव्या वर्षी बाहेर पडली. लगाम चढवायला गेलं की तिची मान आभाळात. कसाबसा चढवलाच तर ती जीभ लोखंडाच्या वर काढते, दात खाते, डोकं झटकते, समोरच्याच्या शर्टावर फेस उडवते. तिच्यावर नवशिक्याला बसवता येत नाही, आणि ज्याच्यावर नवशिका बसू शकत नाही तो घोडा तबेल्याला परवडत नाही. गेल्या वर्षी मालकांनी साधा हिशेब मांडला. एका बाजूला दाणा, गवत, नाल, डॉक्टर; दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. वरातींना घोडे पुरवणारा एक माणूस तिला घ्यायला तयार होता. मी तिचा निम्मा खर्च उचलायचा, सहा महिन्यांत तिला मानवेल असा लगाम शोधायचा, नाही जमलं तर ती वरातीला जाईल, असं आमचं ठरलं.

वरातीला जाण्यात वाईट काय, असं कुणाला वाटेल. घोड्याला मिरवायला मिळतं, अंगावर झूल चढते. पण डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांत, डोक्यावर दिव्यांची रांग घेऊन उभं राहायला कुठलाही घोडा आपणहून तयार होत नाही, म्हणून त्यांच्यातल्या अनेकांच्या तोंडात काटेरी लगाम असतो. जिभेवर टेकणाऱ्या लोखंडाला खिळ्यासारखी टोकं. ही गोष्ट आपल्याकडे बेकायदेशीर आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली जे नियम केले त्यांत टोकदार लगामाला स्पष्ट मनाई आहे. तरीही तो विकला जातो आणि वापरला जातो. वरातीत आपण सगळे नाचत असतो, घोड्याच्या तोंडात पाहायला कोण जातं?

तर मी लगाम शोधायला लागले.

'लगाम' म्हणताना आपण वाद्या, पट्टे, बकलं सगळं एकत्र धरतो. खरं काम करतं ते तोंडातलं लोखंड. जुन्या मराठीत त्याला कडियाळं असा शब्द आहे. आमचे शिकवणारे साहेब फौजेच्या घोडदळातून निवृत्त झालेले, ते दहाना म्हणतात. बाकी सगळे आता बिटच म्हणतात. घोड्याच्या जबड्यात पुढे गवत तोडायचे दात असतात, मागे दळायच्या दाढा असतात, आणि दोहोंच्या मध्ये काही बोटं रुंद अशी बिनदातांची हिरडी असते. ती फट माणसाला दिसली आणि त्याने तिथे लोखंड ठेवलं. लोखंड जिभेवर आणि या हिरडीवर टेकतं. हिरडीच्या खालचं हाड सपाट नाही, काठासारखं अरुंद आहे, आणि त्यावर मांस जवळपास नाहीच. आपल्या नडगीवर एक पेन आडवं ठेवून दाबून पाहावं, म्हणजे थोडी कल्पना येते.

माणूस घोड्यावर कधीपासून बसायला लागला याचा पुरावाही दातांतच शोधला गेला. कझाकस्तानात बोताई नावाची जागा आहे. तिथे सापडलेल्या, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या घोड्यांच्या दाढांवरची झीज लगामाची आहे, असं काही पुरातत्त्वज्ञांनी मांडलं. २०२१ साली दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं, की ज्यांनी माणूस पाहिलाही नव्हता अशा हिमयुगातल्या रानघोड्यांच्या दातांवरही तशी झीज दिसते. वाद चालू आहे. मला त्यात गंमत याची वाटली, की स्वाराचं नाव, गाव, हेतू यांतलं काहीच उरत नाही. त्याचा हात कसा होता एवढं मात्र घोड्याच्या दाढेवर लिहिलेलं असेल म्हणून लोक भिंग घेऊन बसतात.

ठमीचे दात आधी तपासले. घोड्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात आणि चावताना घासले जातात. त्या घासण्यातून वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला आणि खालच्यांच्या आतल्या कडेला धार येते. ती गालाला आणि जिभेला कापते. डॉक्टरांनी कानस घेऊन त्या कडा गोल केल्या. शिवाय वरच्या दाढेच्या पुढे शेंगदाण्याएवढा एक बिनकामाचा दात होता, तो काढला. तीन आठवडे तोंडाला विश्रांती दिली. घोडं इथेच पेंड खात होतं, असं आम्हाला वाटलं. तीन आठवड्यांनी लगाम दिसताच ठमीची मान पुन्हा आभाळात.

मग लोखंडं बदलायला सुरुवात झाली. तिच्या तोंडात होतं ते जाड, मधोमध एकच सांधा असलेलं बिट. जाड ते मऊ, बारीक ते कापणारं, असं सगळे सांगतात आणि हातात धरून पाहिलं तर पटतंही. पण आपण हातात धरून पाहतो, तोंडात नाही. घोड्याचं तोंड मिटलेलं असतं तेव्हा आत जागा उरलेलीच नसते, जिभेनेच ते भरलेलं असतं. त्यात बोटाएवढा जाड दांडा म्हणजे दिवसभर तोंडात सुपारी नव्हे, अख्खा लिंबू. मग रबराचं सरळ बिट आणलं. ते तिने दोन दिवसांत चावून त्याचे पापुद्रे काढले. मग रुंदीचा घोळ: पाच इंची घेतलं तर ओठांचे कोपरे चिमटत होते, सव्वापाच घेतलं तेव्हा ते थांबलं. पाव इंचाचा प्रश्न होता. चौथ्या महिन्यात दोन सांध्यांचं, मध्ये चपटा मणी असलेलं, चौदा मिलिमीटरचं बारीक बिट तिच्या तोंडात गेलं आणि तिने मान खाली आणली. दुसऱ्या दिवशी जीभ जागेवर राहिली. आठवड्याने डोकं झटकणं थांबलं.

"लागलं बघा," साहेब म्हणाले.

लागलं, हे खरं. मालकांनी तिला ठेवलं, तिच्यावर आता जरा जाणते विद्यार्थी बसतात, वरात टळली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण माझ्या डोक्यात तिथूनच एक किडा शिरला. ठमी गप्प झाली म्हणजे तिला बरं वाटलं, हे मला कसं कळलं?

गप्प करण्याचे दुसरेही रस्ते असतात, आणि त्यातला एक मला पहिल्याच महिन्यात सुचवला गेला होता. नाकावरून जबड्याखाली जाणारा पट्टा असतो, नोजबँड. "तो दोन भोकं वर ओढा, तोंडच उघडणार नाही." सुचवणारा माणूस दुष्ट नव्हता. जगभर हेच चालतं. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, हा नियम प्रत्येक पुस्तकात आहे. काही देशांतल्या स्पर्धांमधले ७५० घोडे तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन बोटांची जागा जेमतेम ७ टक्के घोड्यांच्या पट्ट्याखाली होती, आणि ४४ टक्क्यांच्या पट्ट्याखाली तपासणीची पट्टी शिरतच नव्हती. म्हणजे ज्या घोड्यांची शांत, मिटलेली तोंडं पाहून परीक्षक खूश होत असतील, त्यांतल्या कितींची तोंडं बांधलेली होती! २०२५पासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने पट्टा मोजायचं अधिकृत साधन वापरायला सुरुवात केली. बोटं माणसागणिक जाड-बारीक असतात म्हणून.

फिनलंडमधल्या पशुवैद्यांनी गाडीच्या शर्यतीनंतर २६१ घोड्यांची तोंडं उघडून पाहिली. त्यांतल्या ८४ टक्के घोड्यांना लोखंड टेकतं तिथे ताज्या जखमा होत्या. हे घोडे जिवापाड सांभाळलेले, महागडे, आणि नुकतेच व्यवस्थित धावून आलेले होते. घोडा हा शिकार होणारा प्राणी. लंगडणारा कळपात आधी मारला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. हे वाचल्यापासून मला तबेल्यातल्या शहाण्या घोड्यांचीच जास्त काळजी वाटायला लागली. ठमी निदान बोलत होती.

लगामावरचं सगळ्यात जुनं जे शहाणपण आपल्याला सहज वाचायला मिळतं ते ग्रीक झेनोफोनचं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने घोडेस्वारीवर एक लहानसं पुस्तक लिहिलं. माणूस दयाळू होता. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, जबरदस्तीने करून घेतलेल्या गोष्टीत सौंदर्य नसतं, असं तो बजावतो. लगामाबद्दल त्याचा सल्ला असा, की स्वाराकडे किमान दोन असावेत, एक खरबरीत, टोकं असलेला आणि एक गुळगुळीत. आधी खरबरीत वापरावा. घोड्याला त्याचा अनुभव आला की मग गुळगुळीत द्यावा. तो त्याला आवडेल आणि खरबरीतावर शिकलेलं सगळं तो गुळगुळीतावर करून दाखवेल.

हा सल्ला मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मान डोलावली होती. आता वाचताना अंगावर काटा येतो. गुळगुळीत लोखंड सुखाचं का वाटतं? तर काट्यांची आठवण आहे म्हणून. सुख लोखंडात नाहीच, ते तुलनेत आहे. पुढे कुणी पाहुणा येऊन त्या घोड्याच्या तोंडातला मऊ लगाम पाहील, घोड्याची डौलदार मान पाहील आणि म्हणेल, किती प्रेमाने वागवता हो तुम्ही. पाहुणा खोटं बोलत नसेल. काटे त्याच्या येण्याआधीच खुंटीला टांगलेले असतील. घराघरांत, कचेऱ्यांत, शाळांत आवाज न चढवता राज्य करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यातली काही खरोखर मऊ होती आणि काहींनी आवाज आधीच, आपण तिथे पोचण्यापूर्वी, वापरून ठेवलेला होता. बाहेरून फरक कळत नाही. मीही ठमीला रेसमधून बाहेर पडल्यावर भेटले. तिच्या तोंडात माझ्याआधी कोणकोणते हात येऊन गेले, मला माहीत नाही. माझ्या चौदा मिलिमीटरच्या बिटावर तिने मान खाली आणली ती कशाच्या तुलनेत?

झेनोफोनचा गुरुबंधू प्लेटो. दोघं सॉक्रेटिसचे शिष्य. प्लेटोने 'फीड्रस'मध्ये आत्म्याला दोन घोड्यांच्या रथाची उपमा दिली आहे. एक घोडा चांगला, एक वाईट. वाईट घोडा सौंदर्य पाहून उधळतो, तेव्हा सारथी लगाम असा मागे खेचतो की घोड्याची जीभ आणि जबडा रक्ताळतो, आणि हे पुन्हा पुन्हा केल्यावर घोडा नम्र होतो. आपल्या कठोपनिषदातही रथ आहे: शरीर रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, आणि इंद्रियं घोडे. तिथे रक्त नाही. पण दोन्हीकडे उपमा रथात बसलेल्याच्या बाजूने रचलेली आहे. घोडे आवरायचे, हे गृहीत. उपमा देणाऱ्याला घोड्याचं तोंड लागत नाही. त्याला आवरण्याचं उदाहरण हवं असतं. मला या उपमांबद्दल तक्रार नाही, उपमा एका कामापुरत्याच असतात. मात्र शेकडो वर्षं संयमाची गोष्ट लगामाच्या चित्रातून सांगितली गेली की लगाम हाच संयम वाटायला लागतो, आणि ज्याच्या तोंडात तो आहे त्याचा चुळबुळाट म्हणजे वासना, विकार, नखरे.

महाभारतात मात्र एक सारथी वेगळा आहे. जयद्रथवधाच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत प्रतिज्ञा पुरी करायची घाई असताना, भर रणात कृष्ण घोडे सोडतो. ते थकलेले आहेत, अंगात बाण रुतलेले आहेत. अर्जुन खाली उतरून लढतो, बाणाने जमिनीतून पाणी काढतो, आणि कृष्ण घोड्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना पाणी पाजतो, चोळतो, मग पुन्हा जुंपतो. गीता सांगणारा सारथी सगळ्यांच्या लक्षात राहतो. हा द्रोणपर्वातला, खरारा करणारा, मला जास्त जवळचा. त्यालाही घोडे जुंपायचेच होते, हे मी विसरत नाही.

आता थोडं आईबद्दल, कारण माझ्या विचारांना वळण तिच्या कवळीने दिलं.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ठमीचं बिटप्रकरण चालू होतं त्याच महिन्यांत तिला नवी कवळी करून घेतली. वरची नीट बसली. खालची बोचायची. दात गेल्यावर खालच्या जबड्याचं हाड झिजत जातं, कवळीला धरायला काठ उरत नाही, ती हलते आणि हिरडीला घासते. बिनदातांची हिरडी, खाली अरुंद हाड, वर परकी कठीण वस्तू. सकाळी तबेल्यात जे पाहत होते तेच दुपारी घरी. दोनदा घासून आणली. दंतवैद्य सज्जन होते, म्हणाले, "आजी, सवय होईल." आईने तीनचार दिवस तोंड वाकडं केलं. पाचव्या दिवशी मी विचारलं, "आता बोचते का?" ती म्हणाली, "बरी आहे." आवाज असा, की मला पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

मग माझ्या लक्षात आलं, की आई जेवायला बसताना कवळी काढून वाटीत ठेवते आणि जेवण झाल्यावर, कुणी येणार असेल तर, लावते. चावण्यासाठी केलेली वस्तू ती चावताना काढते. विचारलं तर म्हणाली, "अगं, मला कुठे दातांची गरज आहे, मी वरणभात खाते. तुम्हालाच माझं बोळकं बघवत नाही."

मराठीत कवळी बसते, लगाम बसतो, सवय बसते आणि धाकही बसतो. बसल्यावर चारही बाहेरून सारखीच दिसतात. वेगळं काढायचं तर एकच उपाय मला दिसतो: ज्याला ती वस्तू लावली आहे त्याला ती काढून वाटीत ठेवता येते का? आईला येते. म्हणून तिच्या 'बरी आहे'ला काही अर्थ आहे, त्या वाक्यात थोडं खोटं असलं तरी. ठमीला हात नाहीत. जीभ लोखंडाच्या वर काढणं, एवढाच तिचा कवळी वाटीत ठेवायचा प्रयत्न होता, आणि मी सहा महिने, पैसे खर्चून, अत्यंत मायेने, तिचा तो प्रयत्न थांबेल असं लोखंड शोधत होते.

साहेबांना मी हे सांगितलं. ते साताऱ्याकडचे, घोड्यांत चाळीस वर्षं घालवलेले. म्हणाले, "मॅडम, बिट मऊ-कडक नसतं. हात मऊ-कडक असतो." हे वाक्य घोडेस्वारीच्या दुनियेत सगळीकडे ऐकू येतं आणि त्यात तथ्य आहे. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर खरंच उधळलं तर कुठलंही लोखंड त्याला थांबवत नाही, उलट दुखतं म्हणून ते आणखी पळतं. रेसच्या घोड्याला तर लोखंडावर भार टाकूनच पळायची सवय लागलेली असते; घाबरून लगाम ताणणारा नवशिका त्याला पळ म्हणून सांगत असतो. तेव्हा ताबा म्हणतो तो बराचसा समजुतीचा भाग आहे, हे साहेबांचं म्हणणं मला मान्य. पण हात मऊ ठेवण्याचं वचन मी देते आणि ते मोडलं तर किंमत ती मोजते. घोडा ठेचकाळला, समोर कुत्रं आलं, तोल गेला, की चांगल्यातला चांगला स्वार क्षणभर लगामाला लोंबतो. मऊ हाताच्या भरवशावर दुसऱ्याच्या तोंडात लोखंड ठेवायचं, याला करार कसं म्हणायचं?

यावर नेहमीचा प्रश्न येतो, आणि मालकांनी तो विचारलाही: मग बसूच नका. पण बसलं नाही तर तिला पोसणार कोण? मला हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या निम्म्या खर्चावर ती उभी आहे, उरलेला निम्मा ती पाठीवर माणसं घेऊन कमावते. काम न करणारे घोडे आपल्याकडे कुठे जातात हे तबेल्यात सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. तेव्हा 'तिच्या भल्यासाठीच' हे वाक्य निव्वळ ढोंग नाही. तरी मला ते पचत नाही, कारण पोटाला घालतो म्हणून तोंडातलं सहन कर, हे वाक्य मी माणसांच्या घरांतही ऐकलं आहे, आणि तिथे ते ऐकणारीने कुणाकडे घालायला मागितलेलं नसतं. ठमीला आपण जन्माला घातलं. रेससाठी घातलं. खाल्ल्या मिठाला तिने जागावं, अशी अपेक्षा करताना मीठ कुणी कुणाला चारलं ते तरी पाहावं.

बिनलोखंडी लगाम असतात. त्यांत नाकावरच्या पट्ट्याला दोर जोडलेले असतात. तो आता आणला आहे. त्यालाही देवमाणूस समजू नये. घोड्याच्या नाकाचं हाड खाली खाली नाजूक होत जातं. पट्टा खाली सरकला किंवा हात जड पडला तर तोही दुखवतो. काही बिनलोखंडी लगामांना तरफा असतात, त्या तर बिटापेक्षा वाईट. तोंडात लोखंड नाही एवढ्यावर कुणी पुण्यवान होत नाही. शिवाय तबेल्यापासून टेकडीपर्यंत जायचं तर अर्धा किलोमीटर रस्त्याने, डंपरांमधून जावं लागतं, आणि तिथे साहेब बिटाशिवाय कुणालाच सोडत नाहीत. मला ते बरोबर वाटतं. डंपरवाल्याला ठमीच्या मर्जीशी देणंघेणं नाही.

तेव्हा सध्या असं चाललं आहे. ठमी आता लगाम पाहिला की मान खाली करून आपणहून तोंड उघडते. साहेब म्हणतात, यापेक्षा मोठी संमती जनावराकडून काय पाहिजे. तिची देखभाल करणारे मामा हसतात. बिटाला गूळ चोळून ते तिच्यासमोर धरतात, हे साहेबांनाही माहीत आहे. गुळासाठी उघडलेल्या तोंडाला संमती म्हणावं का, यावर आमचा एक अख्खा चहा झाला. मामांचं म्हणणं, पगारासाठी तुम्ही बँकेत जातच होता की. मी म्हटलं, मला राजीनामा देता येत होता. मामा म्हणाले, "मग द्यायचा की लवकर. सव्वीस वर्षं कशाला थांबला?"

जुलैपासून मी मामांना गूळ बंद करायला सांगितलं आहे. बिट तिच्या तोंडासमोर, ओठाला न लावता धरायचं आणि मनात साठ मोजायचे. उघडलं तोंड, तर बिट चढवून टेकडीला. नाही उघडलं, तर नाकाचा लगाम आणि आतल्या रिंगणातच चालणं, किंवा नुसताच खरारा. त्या दिवशी तिच्यावर कुणी बसायचं होतं तर त्या तासाचे पैसे मी भरते. तबेल्याच्या खोलीत टांगलेल्या कालनिर्णयच्या चौकोनांत मी बरोबर आणि फुलीच्या खुणा करते. हिशेब ठेवायची बँकेची सवय. आतापर्यंत एकवीस दिवसांत तेरा बरोबर, आठ फुल्या. मामांना यात काही विशेष दिसत नाही. त्यांच्या मते तिला टेकडीचं गवत आवडतं म्हणून ती तोंड उघडते, गुळाच्या जागी गवत आलं इतकंच. साहेबांना वाटतं मी घोडी बिघडवते आहे.

काल सकाळपासून पाऊस होता. मी बिट धरलं. ठमीने ते हुंगलं, वरचा ओठ त्यावरून एकदा फिरवला, आणि तोंड मिटूनच ठेवलं. साठ झाले. मामा म्हणाले, "आज तिलाच भिजायचं न्हाई." आम्ही तिघं पत्र्याखाली उभे राहिलो.